दोन गळे, एक भाषा

प्रूत ही काही फार मोठी नदी नव्हे. तिच्या अलीकडच्या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावर ऐकू जाते. तरीही जवळजवळ पन्नास वर्षं या नदीच्या दोन तीरांवरची माणसं एकमेकांना भेटू शकत नव्हती. पश्चिमेला रुमानिया, पूर्वेला सोव्हिएत संघराज्यातलं मोल्दोव्हा. मधे काटेरी तारा, पहारे, परवाने. अलीकडे धाकटी बहीण, पलीकडे थोरली, अशी कित्येक घरं. आई गेल्याचं कळायचं ते पत्रातून, आणि तेही महिन्यांनी!

६ मे १९९० या दिवशी प्रूतवरची आठ ठिकाणं काही तासांसाठी खुली झाली. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. रुमानियातून लाखो माणसं फुलं घेऊन नदीवर आली. कुणी फुलं पाण्यात सोडली, कुणी पलीकडच्या अनोळखी माणसाच्या हातात दिली. इतिहासात या दिवसाला ‘फुलांचा पूल’ असं नाव पडलं.

दोन्ही काठांवरच्या माणसांना त्या काळात जी गाणी तोंडपाठ होती, त्यांतली कितीतरी एकाच जोडप्याची होती. नवरा इयोन, बायको दोइना. आडनाव आल्देआ-तेओदोरोविच. ‘प्रूतचे काठ’ या नावाचंही त्यांचं एक गाणं होतं. ही दोघं पुढारी नव्हती, क्रांतिकारक नव्हती. सुगम संगीत गाणारी माणसं होती. पण एका समाजाला आपल्या भाषेचं नाव मोठ्यानं उच्चारायचं बळ हवं होतं, तेव्हा ते या दोघांच्या गळ्यातून मिळालं.

भाषा एक, नावं दोन

त्यांचं मोठेपण कळायचं तर आधी त्यांच्या भाषेची कहाणी ऐकायला हवी.

प्रूत आणि द्नीस्तर या दोन नद्यांमधल्या मुलखाला बेसाराबिया म्हणत. १८१२ मध्ये रशियाच्या झारनं तो घेतला. १९१८ मध्ये तो रुमानियात सामील झाला. १९४० मध्ये स्टालिननं तो पुन्हा बळकावला आणि दुसऱ्या महायुद्धात हातून गेलेला हा मुलूख १९४४ मध्ये परत मिळवला. त्यातल्या बहुतेक भागाचं झालं सोव्हिएत मोल्दोव्हा. तिथली बहुसंख्य माणसं बोलत होती ती भाषा रुमानियनच. पण तसं म्हटलं तर उद्या ही माणसं रुमानियाशी नातं सांगतील, ही मॉस्कोची भीती. मग त्यावर एक शक्कल निघाली. ही भाषा रुमानियन नाहीच, ती ‘मोल्दोव्हन’ नावाची वेगळीच भाषा आहे, असं सांगण्यात आलं. फरक डोळ्यांना दिसावा म्हणून लिपीही बदलली. रुमानियन लोक लॅटिन, म्हणजे आपण ज्याला रोमन म्हणतो त्या लिपीत लिहितात. मोल्दोव्हातल्या मुलांना तीच भाषा रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीत गिरवावी लागली.

परिणाम काय झाला? नदीपलीकडच्या आत्यानं पाठवलेलं पत्र भाचीला वाचता येईना! पत्रातला शब्द न् शब्द तिच्या ओळखीचा, पण अक्षरं परकी. शिवाय कचेरीत, कारखान्यात, वरच्या शिक्षणात चलती रशियनची. मातृभाषा राहिली ती स्वयंपाकघरात आणि शेतावर. शहरात ती मोठ्यानं बोलायला माणसं बिचकू लागली.

अशा वातावरणात इयोन आणि दोइना वाढले.

लेओव्हाचा मुलगा, किशिनाऊची मुलगी

इयोनचा जन्म ७ एप्रिल १९५४ चा, गाव लेओव्हा. हे गाव प्रूतच्या काठावरच आहे, म्हणजे समोरचा निषिद्ध किनारा तो लहानपणापासून पाहत आला होता. घरात संगीत होतं. थोरला भाऊ पेत्रे हाही पुढं नामवंत संगीतकार झाला. दोघा भावांनी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं. इयोनच्या हाती आला सॅक्सोफोन.

त्या काळात मोल्दोव्हात गाण्याचा धंदाही सरळ नव्हता. मिहाई दोल्गान या कलावंताच्या ‘नोरोक’ नावाच्या वाद्यवृंदानं साठच्या दशकाच्या शेवटी साऱ्या सोव्हिएत संघात धूम उडवली होती. तरुण पोरं वेडावली होती. सरकारला ते पचलं नाही. पाश्चात्त्य वळणाचं संगीत वाजवतात म्हणून १९७० मध्ये ‘नोरोक’वर बंदी आली. पुढं दोल्गाननं ‘कोंतेम्पोरानुल’ नावानं नवा वाद्यवृंद उभा केला. इयोन घडला तो त्याच वाद्यवृंदात. कोणती चाल चालेल, कोणता शब्द वरिष्ठांच्या डोळ्यांवर येईल, हे तिथं प्रत्येकाला शिकावंच लागे.

दोइना मोल्दोव्हाच्या राजधानीतली, किशिनाऊची. जन्म १५ नोव्हेंबर १९५८. तिचं नावच मुळी एका गाण्याचं! ‘दोइना’ म्हणजे रुमानियन लोकसंगीतातला एक आर्त गानप्रकार. मेंढपाळानं डोंगरात एकट्यानं गावं, परदेशी गेलेल्याच्या आठवणीत बाईनं दळताकांडताना गावं, असं ते गाणं. २००९ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. असं नाव घेऊन आलेली ही मुलगी मात्र संगीताची पदवीधर नव्हती. ती शिकली साहित्य आणि भाषा, आणि शिकवण्याचं काम करू लागली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांचं लग्न झालं आणि गाणंही एकत्र सुरू झालं. एकाकडे सुरांचं शिक्षण, दुसऱ्याकडे शब्दांचं. १९८३ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव क्रिस्तोफोर ठेवलं.

दोघांचा आवाज फार ताकदीचा होता असं नाही. इयोनचा स्वर थोडा खर्जातला, सांभाळून बोलल्यासारखा. दोइनाचा स्वच्छ, उजळ. पण दोघं रंगमंचावर उभी राहिली की ती कार्यक्रम करताहेत असं वाटत नसे. एकमेकांकडे बघून गात. आपल्याच घरातली लेक आणि जावई समोर उभे आहेत, असं श्रोत्यांना वाटे. लोकांनी त्यांना कधी आडनावानं हाक मारलीच नाही. ‘इयोन आणि दोइना’ एवढंच पुरे असायचं.

‘तिच्यासाठी’ म्हणजे कुणासाठी?

या दोघांना तिसरा सोबती भेटला तो कवी ग्रिगोरे व्हिएरु. जन्म १९३५ चा, गाव पेरेरिता, तेही प्रूतच्या अगदी काठावरचं. व्हिएरु आईवर कविता लिही, मुलांसाठी लिही. त्याच्या बालपुस्तकांवर मोल्दोव्हातल्या पिढ्या वाढल्या. राज्यकर्त्यांना वाटे, हा साधा मुलांचा कवी. पण आई, घर, मायबोली या साध्या शब्दांतून त्याला जे सांगायचं होतं, ते ऐकणाऱ्याला बरोबर कळत असे.

व्हिएरुच्या शब्दांना इयोननं चाली दिल्या. त्यातलं एक गाणं आहे ‘तिच्यासाठी’. ऐकताना वाटतं, हे प्रेमगीत आहे. तिच्यासाठी हे, तिच्यासाठी ते, अशी एकेक गोष्ट कवी मोजत जातो. ती कोण, हे मात्र सांगत नाही. कडव्याच्या शेवटी उलगडा होतो. ती म्हणजे प्रेयसी नव्हे, पत्नी नव्हे. ती म्हणजे आपली भाषा! रुमानियन भाषेतही मराठीसारखाच ‘भाषा’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ही गंमत साधते. रशियनसमोर ज्यांनी वर्षानुवर्षं मान खाली घातली होती, त्यांच्या डोळ्यांत हे गाणं ऐकताना पाणी यायचं.

दुसरं गाणं ‘एमिनेस्कू’. मिहाई एमिनेस्कू हा रुमानियन भाषेचा महाकवी. १८५० मध्ये जन्मला आणि १८८९ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. मोल्दोव्हात सोव्हिएत राजवटीच्या पहिल्या वर्षांत त्याच्या नावावरही सावट होतं. आपल्या वाचकांना त्याच्याबद्दल आपुलकी वाटावी असं एक कारण आहे. हा कवी संस्कृत शिकला होता. फ्रान्झ बोप या जर्मन पंडिताच्या संस्कृत व्याकरणाचा काही भाग त्यानं रुमानियन भाषेत आणला. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल त्यानं जे लिहिलं, त्यात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे पडसाद स्पष्ट उमटतात. अमिता भोसे या बंगाली विदुषीनं बुखारेस्टमध्ये राहून आयुष्यभर त्याचा अभ्यास केला आणि त्याच्या कविता बंगालीत नेल्या.

अशा कवीचं नाव घेऊन तरुण जोडपं गाऊ लागलं, तेव्हा त्याचा अर्थ उघड होता. हा कवी आमचा, त्याची भाषा आमची, मग आमची भाषा वेगळी कशी?

‘विझलेला दिवा पुन्हा लावा’ अशा अर्थाच्या नावाचंही त्यांचं एक गाणं होतं. हा दिवा म्हणजे देवाच्या तसबिरीपुढचा तेलाचा दिवा. ज्या राजवटीत कित्येक प्रार्थनामंदिरांना कुलपं लागली होती, तिथं असं गाणं म्हणणं म्हणजे काय, हे निराळं सांगायला नको.

गाण्यांचं झालं आंदोलन

गोर्बाचेव्ह आले, वारं बदललं. १९८८-८९ मध्ये किशिनाऊत माणसं जमू लागली. मागणी राज्य उलथण्याची नव्हती. मागणी होती, आमची भाषा आम्हाला द्या, आमची अक्षरं आम्हाला द्या.

अक्षरांसाठी काय काय करावं लागलं पाहा. मार्च १९८९ मध्ये ‘ग्लासुल’ नावाचं पत्र लॅटिन लिपीत निघालं. पण ते मोल्दोव्हात छापायची सोय नव्हती. ते छापलं गेलं दूर लाटव्हियातल्या रिगा शहरात, आणि तिथून गुपचूप आणलं गेलं! जूनमध्ये एमिनेस्कूच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली. तो मुहूर्त साधून ‘लितेरातुरा शी आर्ता’ या साप्ताहिकानं उघडपणे लॅटिन लिपी स्वीकारली.

२७ ऑगस्ट १९८९ रोजी किशिनाऊच्या मुख्य चौकात लाखोंची सभा भरली. मोल्दोव्हाची एकूण लोकसंख्याच तेव्हा सुमारे ४३ लाख होती, हे लक्षात घ्या. चारच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, मोल्दोव्हाच्या विधिमंडळानं कायदा केला. बहुसंख्यांची भाषा राज्यभाषा झाली आणि लॅटिन लिपी परत आली.

या सभासंमेलनांच्या दिवसांत इयोन आणि दोइनाची गाणी सगळीकडे होती. भाषण लोक विसरतात, गाणं घरी घेऊन जातात. कालपर्यंत ‘आपली भाषा गावंढळ’ असं मानून मुलांशी रशियन बोलणारी शहरी आई, आता मुलाला झोपवताना हीच गाणी गुणगुणू लागली. कोणत्याही कायद्याला हे करता आलं नसतं.

डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळली. नदीपलीकडचा श्रोताही मोकळा झाला. इयोन आणि दोइना रुमानियात गेले, तिथंही त्यांना तसंच डोक्यावर घेतलं गेलं. पन्नास वर्षं ज्यांना ‘परके’ म्हणून सांगितलं, ती माणसं आपल्याच बोलीत गाताहेत, हे पाहून रुमानियन श्रोते हरखून गेले.

पण नाण्याला दुसरी बाजूही होती, ती लपवून चालणार नाही. मोल्दोव्हात रशियन, युक्रेनियन, गागाऊझ अशा इतर भाषा बोलणारेही लाखो लोक होते. आता आपलं कसं होणार, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. एकाला घर परत मिळालं, तेव्हा दुसऱ्याला आपण भाडेकरू ठरू असं वाटू लागलं. त्या भीतीला राजकारणाचं खतपाणी मिळालं. द्नीस्तरच्या पूर्वेकडचा पट्टा, ट्रान्सनिस्ट्रिया, फुटून निघाला. २७ ऑगस्ट १९९१ रोजी मोल्दोव्हा स्वतंत्र झालं आणि मार्च १९९२ मध्ये त्या पट्ट्यात लढाई पेटली. २१ जुलैला युद्धबंदी होईपर्यंत शेकडो माणसं मेली. त्या दिवसांत इयोन आणि दोइना आघाडीवरच्या जवानांसमोर जाऊन गायले. ज्या गळ्यांनी फुलांच्या पुलाच्या दिवसांत आनंद वाटला, त्याच गळ्यांना दोन वर्षांत खंदकातल्या पोरांना धीर द्यावा लागला.

ऑक्टोबरची ती रात्र

युद्ध थांबलं, पण लोकांच्या मनातलं दुःख थांबलं नव्हतं, आणि तोच आणखी एक घाव बसला. ३० ऑक्टोबर १९९२ च्या पहाटेपूर्वी, काळोखात, बुखारेस्टहून ईशान्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोशेरेन या गावाजवळ मोटारीला अपघात झाला. गाडी झाडावर आदळली. आत इयोन आणि दोइना होते. दोघंही गेले.

इयोनचं वय ३८. दोइना ३३ वर्षांची. आणखी सोळा दिवसांनी तिचा वाढदिवस होता. नऊ वर्षांच्या क्रिस्तोफोरचे आई आणि बाप एकाच रात्री नाहीसे झाले.

ज्या देशात अर्ध्या शतकात कशावरच विश्वास ठेवावा असं सरकार नव्हतं, तिथं लोकांनी ‘अपघात’ या शब्दावरही लगेच विश्वास ठेवला नाही. घातपाताच्या कहाण्या निघाल्या, आजही निघतात. पण त्या कहाण्यांपेक्षा खरी होती ती त्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी. किशिनाऊच्या मध्यवर्ती दफनभूमीत दोघांना निरोप दिला गेला. गाताना जशी शेजारी उभी राहत, तशीच ती आता शेजारी विसावली आहेत. तिथं आजही फुलं वाहिली जातात.

मुलाला आजीनं वाढवलं. आईवडिलांचा एवढा मोठा लौकिक मागं असलेल्या पोरक्या मुलाची वाट सोपी नसते. जिथं जाईल तिथं लोक त्याच्या चेहऱ्यात दोघांना शोधणार, त्याच्या गाण्यात त्यांचं गाणं ऐकू पाहणार. क्रिस्तोफोरनं तरीही संगीताचीच वाट धरली आणि आईवडिलांची गाणीही तो गात राहिला.

काका पेत्रे १९९७ मध्ये गेला. पेत्रेची ‘मेलांकोली’ ही रचना सोफिया रोतारू या विख्यात गायिकेनं साऱ्या सोव्हिएत संघात गाजवली होती. त्याचेही शब्द व्हिएरुचेच. आणि खुद्द व्हिएरु? जानेवारी २००९ मध्ये एमिनेस्कूच्या जयंतीच्या कार्यक्रमाहून परतताना त्याच्याही गाडीला अपघात झाला. दोन दिवसांनी, १८ जानेवारीला तो गेला. ज्यांनी ‘एमिनेस्कू’ हे गाणं घडवलं आणि गायलं, ती तिन्ही माणसं रस्त्यावरच्या अपघातातच गेली, हा दैवाचा विचित्र खेळ.

गाणं आधी, कायदा मागाहून

भाषेच्या नावाचा वाद मात्र त्यांच्या मागंही चालूच राहिला. १९९४ च्या राज्यघटनेत भाषेचं नाव पुन्हा ‘मोल्दोव्हन’ असं लिहिलं गेलं. गंमत अशी, की त्याच सुमाराला देशानं राष्ट्रगीत म्हणून जी कविता स्वीकारली तिचं नावच ‘आमची भाषा’! आलेक्सेई मातेएविच या १९१७ मध्ये वारलेल्या कवीची ती रचना. अख्खं राष्ट्रगीत भाषेच्या स्तुतीचं, आणि त्या भाषेचं नाव काय यावर मात्र एकमत नाही! २००३ मध्ये तर एका लेखकानं चक्क ‘मोल्दोव्हन-रुमानियन शब्दकोश’ छापला. एकाच भाषेचा तिच्याच भाषेत शब्दकोश, म्हणून लोकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली.

डिसेंबर २०१३ मध्ये घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला, की स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात ‘रुमानियन’ म्हटलं आहे, तेच ग्राह्य. आणि मार्च २०२३ मध्ये मोल्दोव्हाच्या संसदेनं साऱ्या कायद्यांत ‘मोल्दोव्हन’ ऐवजी ‘रुमानियन’ हा शब्द घालण्याचा ठराव मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष माया सांदू यांनी त्यावर सही केली.

म्हणजे पाहा, सभागृहांना, न्यायालयांना, पंडितांना जो प्रश्न सुटायला तेहतीस-चौतीस वर्षं लागली, तो इयोन आणि दोइनाच्या श्रोत्यांनी केव्हाच सोडवला होता. गाणं कळलं, म्हणजे भाषा एकच! त्यासाठी शब्दकोश लागला नाही.

तरी सगळं गोड झालं असं नाही. ट्रान्सनिस्ट्रियाचा पट्टा अजून वेगळाच आहे. तिथल्या सरकारी शाळांत हीच भाषा सिरिलिक लिपीत शिकवली जाते. लॅटिन लिपीत शिकवणाऱ्या मोजक्या शाळा तिथं अडचणी सोसून चालतात. २००४ मध्ये तर त्या बळानं बंद पाडण्याचे प्रयत्न झाले होते. कोणत्या अक्षरांत पहिला धडा गिरवायचा, हा प्रश्न तिथल्या आईबापांसाठी आजही जिवाभावाचा आहे.

आपल्याकडे मातृभाषेचा विषय निघाला की बहुधा व्यासपीठ, फलक आणि घोषणा डोळ्यांसमोर येतात. या जोडप्याजवळ त्यातलं काहीच नव्हतं. आपल्या भाषेत लाजण्यासारखं काही नाही, एवढंच त्यांनी लोकांना पटवलं, आणि तेही तिच्यात चांगलं गाऊन. भाषा जगवायची तर तिचा अभिमान सांगून भागत नाही. तिच्यात घरातल्या माणसांना गुणगुणावंसं वाटेल असं काही असावं लागतं. इयोन आणि दोइना एकत्र गायले ते जेमतेम दहा वर्षं. तेवढ्यात त्यांनी ते देऊन ठेवलं. त्या दहा वर्षांत जी मुलं आईच्या कुशीत ‘तिच्यासाठी’ ऐकत झोपी गेली, ती आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि ‘ती’ म्हणजे कोण हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.